एकटीने दोन लहान मुलं आणि ढीगभर सामान घेऊन मुंबईहून टोरोंटो

तुमचा प्रश्न वाचला. मिस्टर आधीच टोरोंटोला जाऊन नोकरीला लागलेत, तुम्ही नोव्हेंबरअखेर पुण्याहून निघणार, सोबत चार वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचं बाळ, मोठं माणूस म्हणाल तर तुम्ही एकट्याच. आणि यादीत चार मोठ्या बॅगा, बाळाच्या नावावरची एक, दोन केबिन बॅगा, स्ट्रोलर, कार सीट, वॉकर, मिक्सर. हे सगळं एअरपोर्टमधून पार कसं करायचं, असं विचारलंय तुम्ही. मीपण अशीच दोघांना घेऊन एकटी टोरोंटोशेजारच्या मिसिसागाला आले होते म्हणून जरा सविस्तरच लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एअरलाइन किती किलो नेऊ देते ते बघून सामान ठरवू नका, आपल्याला हात दोनच आहेत आणि त्यातला एक कायम मुलांसाठी लागणार आहे हे धरून ठरवा. तिकिटावर पाच बॅगा चालतात म्हणून पाच न्यायच्या असं काही नाही. मुंबईला चेक-इन होईपर्यंत घरचे सोबत असतात, ट्रॉल्या ढकलायला चार माणसं असतात, तेव्हा काही वाटत नाही, पण टोरोंटोला बेल्टवरून त्याच बॅगा तुम्हाला एकटीला उचलायच्या आहेत, तेही रात्रभर न झोपलेलं बाळ अंगावर घेऊन. मी तर म्हणेन तीन मोठ्या बॅगा पुरे, उरलेलं मिस्टरांना सांगा तिथे घ्यायला.

यादीतल्या तीन वस्तू तर आत्ताच काढून टाका. वॉकर अजिबात आणू नका, कॅनडात एप्रिल २००४ पासून बेबी वॉकरवर बंदी आहे, विकायलाच नाही तर देशात आणायलासुद्धा, जिन्यावरून पडून मुलांच्या डोक्याला मार लागायचा म्हणून. दुसरी वस्तू कार सीट, म्हणजे मुलांना गाडीत बांधून बसवायची खुर्ची. इथे कार सीटवर कॅनडाचा नॅशनल सेफ्टी मार्क असावा लागतो, मेपलच्या पानाचं छोटं चिन्ह असतं ते. भारतात घेतलेल्या सीटवर ते नसतं, म्हणजे कितीही महागाची असली तरी इथल्या गाडीत कायद्याने चालत नाही. तिसरी वस्तू मिक्सर, कारण इथे वीज १२० व्होल्टची आहे आणि आपला मिक्सर २३० चा. ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या देशी दुकानांत इथल्या व्होल्टेजचे भारतीय मिक्सर मिळतात. बाटल्यांचा स्टरिलायझर, इस्त्री, इंडक्शन यांचंही तेच. कुकर मात्र आणा, पण चेक-इनच्या बॅगेत, आणि आत डाळ-मसाल्याच्या पुड्या भरल्या की जागा फुकट जात नाही.

खाऊच्या बाबतीत आपल्याकडची माणसं ऐकत नाहीत, सासूबाई शेवटच्या रात्रीपर्यंत काहीतरी भरतच असतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की सुकं खोबरं चालत नाही. वाटी असो की तुकडे, त्यात तेल असतं म्हणून ते ज्वलनशील समजतात आणि मुंबईला त्यासाठी बॅग बाजूला काढून उघडायला लावतात. आता विचार करा, मुलं कडेवर आणि तुम्हाला आत बोलावलंय बॅग उघडायला. दुबई किंवा अबू धाबीवरून जात असाल तर खसखसही नको, यूएईमध्ये तिच्यावर बंदी आहे. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, नाचणीसत्त्व हे सीलबंद आणि वर नाव लिहिलेलं ठेवा. कॅनडात उतरल्यावर खाण्याच्या सगळ्या वस्तू डिक्लेअर करायच्या, अगदी लाडूसुद्धा. सांगितलं की बहुतेकदा दोन प्रश्न विचारून सोडतात, लपवलेलं सापडलं तर दंड होतो. ताजी फळं, कढीपत्ता, तुळशीचं रोप, बिया असलं काही नको.

वजन घरीच करा, लटकवायचा काटा मिळतो तो घ्या. २३ किलोची मर्यादा असेल तर २२ वर थांबा. काउंटरवर बॅग उघडून यातलं त्यात करायचं आणि मागे रांग खोळंबलेली, हे बाळ सोबत असताना नको वाटतं. पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकू नका, ती केबिनमध्येच लागते.

आता सीट. बाळाचं तिकीट मांडीवरचं असेल तर बॅसिनेट, म्हणजे बाळाला झोपवायचा छोटा पाळणा, मिळतं, पण आपोआप नाही, एअरलाइनला फोन करून मागायचं आणि ते कन्फर्म झालंय का हे परत विचारायचं. बऱ्याच ठिकाणी वजनाची मर्यादा दहा-अकरा किलोच्या आसपास असते, तुमचं बाळ अंगाने भरलेलं असेल तर आधीच विचारा. बॅसिनेटच्या सीटसमोर भिंत असते त्यामुळे टेक-ऑफ आणि लँडिंगला पायाशी काहीच ठेवता येत नाही, सगळं वर टाकावं लागतं. म्हणून एक डायपर, वाइप्स, दुधाची बाटली आणि मुलीचा खाऊ एवढं छोट्या पिशवीत वेगळं काढून जवळ ठेवा. सीट बेल्टचा दिवा लागला की झोपलेल्या बाळालासुद्धा बॅसिनेटमधून उचलावं लागतं, आणि ते नेमकं आत्ताच झोपलेलं असतं, तर तेवढी मनाची तयारी ठेवा.

पुण्याहून निघताना वेळ हातात ठेवा. घाटात एखादा ट्रक बंद पडला की दोन-तीन तास कसे जातात कळत नाही. मुंबईची बरीचशी फ्लाइट्स मध्यरात्रीनंतरची, तर दुपारीच निघालेलं बरं, अंधेरीत कुणाकडे मुलांना जेवू-झोपू घालता आलं तर उत्तमच. मुंबईच्या टर्मिनल २ ला (टी२) डिपार्चर चौथ्या मजल्यावर आहे आणि तिकीट नसलेल्या माणसाला गेटच्या आत सोडत नाहीत, तेव्हा आजी-आजोबांचा निरोप बाहेर कठड्यापाशीच होणार. तो घाईत उरकू नका, मुलीला व्यवस्थित भेटू द्या, पण गेटवर उभं राहून पासपोर्ट शोधायची वेळ आणू नका. तिघांचे पासपोर्ट आणि तिकिटाची प्रिंट गळ्यातल्या पाउचमध्ये, बाकी कागद वेगळ्या फोल्डरमध्ये. आत मदत हवी असेल तर मुंबईला 'प्रणाम' नावाची पैसे भरून घ्यायची सेवा आहे, माणूस गेटपासून सोबत येतो, सामान ढकलतो. एकटीने दोन मुलं असतील तर हा खर्च जरूर करा, हौस म्हणून नाही, गरज आहे ती. एअरलाइनलाही फोनवर सांगून ठेवा की एकटी बाई लहान मुलांसोबत आहे, अनेक एअरलाइन्स ट्रान्सफरला माणूस देतात.

चेक-इनला स्ट्रोलर देऊन टाकू नका, गेट टॅग मागा, म्हणजे तो विमानाच्या दारापर्यंत नेता येतो, आणि हे नक्की विचारा की मधल्या एअरपोर्टवर तो विमानाच्या दाराशी मिळणार की थेट टोरोंटोच्या बेल्टवर. काही ठिकाणी दाराशी देत नाहीत. म्हणून अंगावर बांधायचं बेबी कॅरियर हवंच हवं, ट्रान्झिटला लांबच लांब चालताना तेच कामाला येतं.

सिक्युरिटीचं जरा नीट सांगते, कारण तिथेच सगळ्यांची धांदल उडते. स्ट्रोलर घडी करून एक्स-रेमधून जातो, कॅरियरही काढायला लावतात, मग ते आधी बांधूच नका. बाळ शेवटपर्यंत स्ट्रोलरमध्ये ठेवा आणि आधी बॅगा ट्रेमध्ये जाऊ द्या, लॅपटॉप-टॅब बाहेर काढून. मग मुलीचं जॅकेट, मग बाळाला उचलून स्ट्रोलर, आणि पासपोर्टचं पाउच अगदी शेवटी, तुम्ही स्वतः दारातून जायच्या क्षणाला. नाहीतर पाउच पलीकडे जाऊन पडतं आणि तुम्ही इकडे बायकांच्या रांगेत पडद्याआड तपासणीची वाट बघत राहता. मुलीला घरीच खेळ करून शिकवा, की आईच्या आधी दारातून जायचं आणि पलीकडे गणवेशातल्या काकूंजवळ थांबायचं. सीआयएसएफच्या बायका मुलांशी छान वागतात, मराठीत बोललं की त्यांनाही बरं वाटतं. बाळाचं दूध, उकळलेलं पाणी, पेज प्रवासापुरती नेऊ देतात, फक्त स्वतःहून बाहेर काढून दाखवा. मधल्या एअरपोर्टवर पुन्हा चेकिंग होतं तेव्हा बाटलीतलं साधं पाणी टाकावं लागतं, रिकामी बाटली ठेवा.

मुलीच्या खिशात मिस्टरांचा नंबर आणि तुमचा नंबर लिहिलेला कागद ठेवा, आणि निघताना तिचा त्या दिवसाच्या कपड्यातला फोटो काढून ठेवा. देव करो आणि लागू नये, पण असावा.

विमान खाली यायला लागलं की बाळाला पाजा, गिळण्याने कानाचे दडे सुटतात. लँडिंगच्या आधी साधारण अर्धा तास उतार सुरू होतो, तेव्हासाठी दूध राखून ठेवा, वर असतानाच सगळं संपवू नका. मुलीला चघळायला काहीतरी द्या. आणि हो, तिघांचे कपड्यांचे जोड वेगवेगळ्या झिपलॉकमध्ये, स्वतःचा टी-शर्टसुद्धा, कारण बाळ ओकतं ते आपल्याच अंगावर.

मधला थांबा तीन तासांपेक्षा कमी घेऊ नका. ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते मार्ग ठरवतानाच बघा, आणि मुलांसाठीही वेगळं बघा.

आता पिअरसन, म्हणजे टोरोंटोचा एअरपोर्ट. अराइव्हकॅन या कॅनडा सरकारच्या ॲपमधून कस्टमचं डिक्लेरेशन ७२ तास आधीपर्यंत भरता येतं, घरूनच भरून टाका, म्हणजे किऑस्कवर बाळाला धरून टाइप करायला नको. पीआरची, म्हणजे कायमच्या वास्तव्याची, सगळी प्रक्रिया तिथेच होते, म्हणून तिघांचे सीओपीआर (पीआर मंजूर झाल्याचे कागद) हातातल्या फोल्डरमध्ये, आधी सही न करता, ती अधिकाऱ्यासमोरच करायची असते. मुलांच्या कागदावर आई-वडील सही करतात. मिस्टर सोबत नाहीत, म्हणून मुलांना घेऊन जायला त्यांची हरकत नाही असं त्यांचं सही केलेलं पत्र आणि मुलांचे जन्मदाखले सोबत ठेवा, विचारलं तर लगेच काढता येतं. लसीकरणाची यादी डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप करून सही-शिक्क्यासह आणा, मुलगी शाळेत जाणार आहे, ऑन्टारिओत शाळेला ती लागतेच.

कस्टमला दाखवायला सामानाच्या दोन याद्या करा, आत्ता सोबत आणलेलं आणि नंतर मागवायचं. फॉर्मचं नाव बीएसएफ१८६. मागून येणाऱ्या यादीत जे लिहिलंय ते वापरलेलं सामान नंतर ड्युटी न भरता आणता येतं, म्हणून आजीने नंतर पाठवायची भांडी, सोन्याचे दागिने, पैठण्या सगळं आत्ताच लिहा. दागिन्यांचे फोटो आणि वर्णन हवं, 'सोनं' एवढंच लिहून भागत नाही, मंगळसूत्र, पाटल्या, तोडे असं एकेक. रोख किंवा चेक मिळून १० हजार कॅनेडियन डॉलर किंवा जास्त असेल तर तेही सांगायचं, आणण्यावर बंदी नाही, न सांगणं चूक आहे.

इमिग्रेशनला वेळ लागतो, तोवर बॅगा बेल्टवरून उतरवून बाजूला लावलेल्या असतात, घाबरू नका. बॅगांना भडक रंगाची साडीची किनार बांधा, लांबून ओळखू येतात आणि पोर्टर किंवा शेजारच्या माणसाला 'ती केशरी पट्टीवाली' म्हणून सांगता येतं. उचलायला मदत मागायला लाजू नका, इथे लोक खरंच पुढे येतात.

मिस्टरांसाठी निरोप, गाडी आणताना दोन्ही कार सीट आधीच घट्ट बसवून आणायच्या, बाळाची मागे तोंड करून. ऑन्टारिओत आठ वर्षांखालच्या मुलांना सीट किंवा बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) लागतोच, वजन ३६ किलोच्या वर किंवा उंची १४५ सेंटिमीटरच्या वर गेल्याशिवाय सुटत नाही. सीट नवीनच घ्या, कुणाची वापरलेली घेतलीच तर मागची एक्सपायरी बघा. आणि फुगीर जॅकेट घालून मुलांना सीटमध्ये बसवायचं नाही, पट्टे सैल राहतात. पट्टे लावायचे आणि वरून ब्लँकेट किंवा जॅकेट उलटं टाकायचं. नोव्हेंबरअखेर म्हणजे थंडी असणारच, म्हणून मुलांची जॅकेट, टोप्या, मोजे केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

एअरलाइन कुठली आणि थांबा कुठे आहे ते कळवा, बॅसिनेट आणि स्ट्रोलरबद्दल काउंटरवर नेमकं काय विचारायचं ते त्याप्रमाणे सांगते. आणि वॉकर कुणाला देऊन टाकला की तेही सांगा.