विकायच्या घरावर सहा लाख घालायचे का?

प्रश्न: ठाण्यात आईच्या नावावर सोसायटीतला वन बीएचके फ्लॅट आहे. १९९४ मध्ये घेतलेला, सगळ्यात वरच्या मजल्यावरचा. वडील आधीच गेले, आई गेल्या वर्षी गेली. मृत्युपत्र नाही. वारस आम्ही दोघंच, मी आणि मोठा भाऊ. नॉमिनी म्हणून त्याचं नाव आहे आणि राहतोही तोच तिथे. फ्लॅट विकायचा हे ठरलंय, पण दादा म्हणतो, आधी मॉड्युलर किचन करू, बाथरूमच्या टाइल्स बदलू, बाल्कनी हॉलमध्ये घेऊ आणि गळक्या छताखाली पीओपी करून रंग देऊ. खर्च सहा लाख, निम्मे मी द्यायचे. ‘किंमत जास्त येईल, शिवाय टॅक्स वाचेल’ असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हटलं आणि त्याने स्वतःच काम केलं, तर माझ्या हिश्शातून पैसे कापू शकेल का?

उत्तर: ताई, या यादीतलं सगळ्यात महाग पडणारं काम पीओपीचं आहे, म्हणून आधी त्याबद्दल बोलू.

घरात एखादा महत्त्वाचा दोष आहे, तो विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही कळण्यासारखा नाही, तर तो सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५५ हेच सांगतं आणि न सांगणं म्हणजे कपट, असंही त्यातच म्हटलंय. छतावरचा डाग उघडा असला की गिऱ्हाईक तो बघतं, घासाघीस करतं आणि विषय तिथे मिटतो. तोच पीओपीखाली झाकला तर पुढच्या पावसाळ्यात वर येतो आणि त्याची नोटीस तुम्हा दोघांच्या नावाने निघते, कारण खरेदीखतावर सही दोघांचीही असेल. ‘कल्पना दादाची होती’ हा तेव्हा बचाव होत नाही.

बरं, हा खर्च बहुधा तुमचा नाहीच. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे बायलॉजप्रमाणे) गच्चीची दुरुस्ती, पावसाच्या पाण्याची गळती आणि त्या गळतीमुळे वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या छताचं, प्लास्टरचं झालेलं नुकसान सोसायटीने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं असतं. तुमच्या सोसायटीच्या उपविधींची प्रत घेऊन हे कलम तसंच आहे का ते बघा. फोटो जोडून सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्याचं सोसायटीचं पत्र घेणाऱ्याच्या हातात ठेवलंत, तर ते कुठल्याही पीओपीपेक्षा जास्त भाव राखेल.

बाल्कनीचा बेत सोडून द्या. मंजूर नकाशात बाल्कनी आणि जागेवर हॉल, हे बँकेच्या व्हॅल्युअरच्या नजरेतून सहसा सुटत नाही आणि घेणाऱ्याचं कर्ज तिथेच अडतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ मध्ये फक्त आतल्या आणि इमारतीचं बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या कामांना परवानगीतून सूट आहे. ओटा, टाइल्स, रंग त्यात बसतात. बाल्कनी बंद करायची तर महापालिका आणि सोसायटी, दोघांकडे जावं लागेल. सगळ्या बिल्डिंगने केलंय, हे उत्तर महापालिकेपुढे चालत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकारी संस्था कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १५४ ब-१३ सांगतं की खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. तुम्हाला हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू आहे असं धरते. त्याच्या कलम १५ प्रमाणे फ्लॅट तुम्हा दोघांचा, निम्मा निम्मा. एका सहमालकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय घर सजवायचं आणि बिल त्याच्या माथी मारायचं, असा हक्क कायदा देत नाही. मालमत्ता कर, सोसायटीची थकबाकी, तुंबलेली ड्रेनेज लाइन असे टाळता न येणारे खर्च मात्र वेगळे. त्यांतला निम्मा वाटा मागितला तर द्यावा लागेल आणि द्यावाही.

तरीही तुमच्या बाजूला एक कच्चा दुवा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० प्रमाणे, एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याला भरपाई मागता येते. भाव वाढून आला आणि तुम्ही निमूटपणे निम्मे घेतले, तर दादांचे वकील हेच कलम पुढे करतील. म्हणून गप्प बसू नका. ‘बघ बाबा, तुला योग्य वाटेल ते कर’ असा व्हॉट्सअ‍ॅप पाठवून मोकळ्या झालेल्या बहिणी मी पाहिल्यात. पुढे तोच मेसेज संमती म्हणून कोर्टात येतो. आजच लिहून कळवा: ‘या खर्चाला माझी संमती नाही, आपण बोलून लेखी ठरवू, तोवर काम सुरू करू नये.’ भाषा गोड ठेवा, पण लिहा.

टॅक्सचा मुद्दा ऐकायला बरा वाटतो. वारशाने आलेल्या घराला आईच्याच खरेदीची तारीख आणि किंमत धरली जाते, म्हणजे तुमचा नफा दीर्घकालीन. १ एप्रिल २००१ च्या आधीची खरेदी असल्यामुळे त्या तारखेची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून घेता येते. २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के, महागाई निर्देशांकाविना, म्हणजे मूळ किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता. त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला निर्देशांकासह वीस टक्के, हा पर्यायही तुलनेसाठी आहे. सहाच्या सहा लाख ‘सुधारणा’ म्हणून मान्य झाले, तरी पहिल्या हिशेबाने ७५ हजार आणि दुसऱ्याने फार तर १ लाख २० हजार वाचतील, अधिभार-उपकर सोडून. रंग, डागडुजी तर सहसा सुधारणेत धरतच नाहीत आणि पक्कं बिल नसलेला खर्च टिकत नाही. ७५ हजार वाचवायला सहा लाख खर्च करायचे, हा हिशेब दादांपुढे कागदावर मांडा.

किंमत खरंच वाढेल का? किचनचं मोल मी वकील म्हणून सांगू शकत नाही. पण खरेदीखताच्या वेळी जे कानावर पडतं ते असं, की घेणारे पुष्कळदा आधीचं किचन तोडून आपल्या मनासारखं करतात. रेडी रेकनरचा दरही, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर, टाइल्स बघून बदलत नाही. शिवाय इमारत तीस वर्षांची झाली आहे. सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तात पुनर्विकासाचा विषय आलाय का, ते आधी बघा. आला असेल तर गिऱ्हाईक ओट्याकडे ढुंकूनही बघणार नाही, नव्या इमारतीत कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, किती मिळेल ते विचारेल.

पैसे घालायचेच तर कागदांवर घाला. कुटुंबव्यवस्थेचा दस्त, म्हणजे वारसांनी आपसात ठरवलेलं लिहून सह्या केलेला कागद, करून सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर दोघांची नावं लावून घ्या. त्याच कलम १५४ ब-१३ मध्ये हा मार्ग दिलेला आहे. १९९४ च्या मूळ करारावर पुरेसं मुद्रांक शुल्क भरलं होतं का, तो नोंदवला होता का, हे तपासा. त्या काळच्या कितीतरी करारांत नेमकं इथेच पाणी मुरतं आणि घेणाऱ्याचा वकील पहिल्यांदा तेच बघतो. बाथरूममधून खालच्यांच्या छताला ओल जात असेल तर तेवढं काम करा, साध्या टाइल्स लावा.

एवढं सांगूनही दादा किचनवर अडून बसले तर भांडू नका, पाचशे रुपयांच्या स्टँपपेपरवर समजुतीचा करार करा. काम सुरू व्हायच्या आधी नोंदणीकृत मूल्यांककाकडून आहे त्या अवस्थेतली किंमत काढून घ्या आणि ती करारात लिहा. खर्च दादांनी करायचा. विक्री त्या किमतीच्या वर गेली तरच, वरच्या रकमेतून आणि पक्क्या बिलांपुरताच, तो आधी वळता करायचा. नाही गेली तर तो त्यांचा. आणि दादा तिथे राहतायत हे विसरू नका. नवं किचन झालं की माणसाला घर सोडवत नाही, म्हणून फ्लॅट विक्रीला काढायची आणि घर रिकामं करायची तारीख त्याच करारात घाला.