आयव्हीएफची पहिली सायकल फसली, पुढच्या वेळी काय बदलावं?

प्रश्न असा आहे: वय 36, एएमएच (अंड्यांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) 1.6. पहिल्या सायकलमध्ये 11 अंडी निघाली, त्यातली 6 पक्व, 5 फलित, पाचव्या दिवशी एकच ब्लास्टोसिस्ट (रुजण्याच्या टप्प्याला आलेलं भ्रूण), ग्रेड 3बीबी. ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) निगेटिव्ह. डॉक्टर म्हणतात, पुढच्या पाळीला डोस वाढवून पुन्हा सुरू करू. लगेच करावं का?

लगेच नको. आधी आकडे कुठे गळले ते बघा, कारण डोस वाढवून फार तर अंड्यांची संख्या वाढते आणि तुमची अडचण संख्येची दिसत नाही. एएमएच 1.6 ला 11 अंडी म्हणजे अंडाशयानं चांगली साथ दिली. तसंही रोजच्या 300 युनिटच्या वर गेल्यावर सहसा खर्चच वाढतो, अंडी नाहीत.

निघालेल्या अंड्यांपैकी साधारण 75 ते 80 टक्के पक्व असतात. पक्व अंड्यांपैकी इक्सीनंतर (अंड्यात एकच शुक्राणू टोचल्यावर) 70 टक्क्यांच्या आसपास फलित होतात. फलित झालेल्यांपैकी 40 ते 50 टक्के ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचतात. या हिशेबानं 11 अंड्यांतून 8 पक्व, 5-6 फलित आणि 2-3 ब्लास्टोसिस्ट अपेक्षित होते. तुमचं फलन उत्तम झालंय. मोठी गळती पहिल्याच पायरीला आहे: 11 पैकी 5 अंडी कच्ची निघाली. हे बहुतेक वेळा ट्रिगरशी, म्हणजे अंडी पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनशी, निगडित असतं.

म्हणून फाईलमधला ट्रिगरच्या दिवसाचा सोनोग्राफी रिपोर्ट काढा. त्यावर प्रत्येक फॉलिकलचं (अंडं वाढतं त्या पिशवीचं) माप मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. 16 ते 22 मिमीच्या फॉलिकलमधून पक्व अंडं मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तीन-चार फॉलिकल 19-20 चे आणि बाकीचे 12-13 चे असतील, तर पुढचे मोठे झाले म्हणून घाई झाली आणि मागचे कच्चे राहिले. अशा वेळी पुढच्या सायकलमध्ये ट्रिगर एक दिवस लांबवता येतो, किंवा सगळे फॉलिकल एकसारखे वाढावेत म्हणून आधीच्या पाळीच्या उत्तरार्धात इस्ट्रोजेनच्या गोळ्या देतात.

मापं एकसारखी असतील तर ट्रिगरची वेळ तपासा. इंजेक्शन आणि पिकअप (अंडी काढणं) यांत 35-36 तासांचं अंतर हवं. रात्री साडेदहाला घ्यायचं इंजेक्शन बाराला घेतलं आणि पिकअप ठरल्या वेळीच झालं, तर तेवढा वेळ कमी पडतो. पावडरची बाटली असेल तर द्रावण घातल्यावर ती हलकेच गोल फिरवायची, जोरात हलवायची नाही; तळाशी किंवा काचेला पावडर चिकटून राहिली तर तेवढा डोस पोटात गेलाच नाही. ट्रिगर डेकापेप्टिलचा (शरीराचंच एलएच वाढवणाऱ्या इंजेक्शनचा) असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तातलं एलएच (अंडी पक्व करणारं संप्रेरक) बघून तो लागू पडला का ते कळतं. आधी कच्ची अंडी जास्त आली असतील तर एचसीजी (एलएचसारखं काम करणारं इंजेक्शन) आणि डेकापेप्टिल दोन्ही मिळून ड्युअल ट्रिगर देण्याचा पर्याय आहे. तुमच्या बाबतीत हा प्रश्न मी डॉक्टरांना सगळ्यात आधी विचारला असता.

दुसरी गळती, 5 फलितांतून एकच ब्लास्टोसिस्ट. इथे जपून निष्कर्ष काढा. पाचाच्या हिशेबात एक-दोन इकडेतिकडे नशिबानंही होतात. तरी एम्ब्रियॉलॉजिस्टना (लॅबमध्ये भ्रूण सांभाळणाऱ्या तज्ज्ञांना) विचारा की भ्रूण थांबले कधी. तिसऱ्या दिवसापर्यंत भ्रूण अंड्याच्या शिदोरीवर जगतं, त्याच सुमाराला त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात. तिसऱ्या दिवशी 7-8 पेशींचे छान दिसणारे भ्रूण त्यानंतर अडले असतील, तर अंड्याइतकाच शुक्राणूचाही विचार व्हायला हवा. सीमेन रिपोर्ट नॉर्मल असला तरी डीएनए फ्रॅगमेंटेशनची (शुक्राणूंमधला डीएनए किती तुटला आहे याची) तपासणी करून घ्या. ते जास्त निघालं तर व्हेरिकोसील (अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा) आहे का बघणं, तंबाखू-गुटखा-सिगारेट पूर्ण बंद करणं आणि नमुना पाच-सात दिवसांऐवजी एक-दोन दिवसांच्या अंतरानं देणं, एवढं तरी करता येतं. जिमसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू असतील तर ती डॉक्टरांना आधी सांगा, त्यांनी शुक्राणू तयार होणंच थांबतं. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणजे आज सोडलेल्या तंबाखूचा फायदा तीन महिन्यांनी दिसेल.

3बीबी हा वाईट ग्रेड नाही. आकडा भ्रूण किती फुगलं ते सांगतो, पहिलं अक्षर बाळ होणाऱ्या पेशींचं, दुसरं वार होणाऱ्या पेशींचं. तुमच्या वयात दर तीन ब्लास्टोसिस्टपैकी साधारण एकात गुणसूत्रांचा दोष असतो, चाळिशीनंतर निम्म्याहून जास्त. आणि पीजीटी-ए (भ्रूणाच्या गुणसूत्रांची तपासणी) करून निवडलेले भ्रूणही दहातले तीन-चार रुजत नाहीत. एकच ट्रान्सफर निगेटिव्ह आली म्हणून तुमच्या शरीरात काही खोट आहे असं कृपा करून धरू नका. प्रवास केला, जिना चढलात, म्हणून भ्रूण गेलं नाही.

गर्भाशयाकडे मात्र एकदा नीट बघून घ्या: थ्रीडी सोनोग्राफीत पडदा, पॉलिप किंवा आत डोकावणारा फायब्रॉइड आहे का, अस्तर 7 मिमीच्या वर गेलं होतं का, गर्भनळीत पाणी आहे का. असं पाणी (हायड्रोसाल्पिंक्स) असेल तर ट्रान्सफरच्या आधी ती नळी काढणं किंवा बंद करणं गरजेचं, नाहीतर चांगलं भ्रूणही वाया जातं. ट्रिगरच्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन 1.5 च्या वर असताना फ्रेश ट्रान्सफर (भ्रूण न गोठवता त्याच सायकलमध्ये) झाली होती का, हेही पाहा; तसं असेल तर पुढच्या वेळी भ्रूण गोठवून नंतर ट्रान्सफर करणं बरं. आपल्याकडे गर्भाशयाच्या टीबीचा प्रश्न निघतोच. फक्त पीसीआर पॉझिटिव्ह आहे एवढ्यावर सहा महिन्यांची एकेटी (टीबीची औषधं) सुचवली तर दुसरं मत घ्या, कारण ही तपासणी खोटी पॉझिटिव्हही येते.

एका निगेटिव्हनंतर ईआरए, स्क्रॅचिंग, इंट्रालिपिड, पीआरपी अशा जादा तपासण्या-उपचारांची यादी पुढे आली तर प्रत्येकाबद्दल विचारा: माझ्या रिपोर्टमधल्या कोणत्या गोष्टीसाठी हे? उत्तर नेमकं नसेल तर ते पैसे पुढच्या पिकअपसाठी ठेवा. माझ्या मते त्यांचा उपयोग तिथेच जास्त आहे.

संपूर्ण फाईल लेखी अर्ज देऊन मागा, लॅबच्या शीटसकट. वैद्यकीय नोंदी मागितल्यावर 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दुसरं मत घ्यायचं तर ही फाईल हातात हवीच, आठवणीतून सांगितलेल्या मापांवर कोणी काही ठरवू शकत नाही.

वेळेचं म्हणाल तर एक-दोन पाळ्या जाऊ द्या. डीएनए फ्रॅगमेंटेशन जास्त निघालं तर तीन महिने थांबा, पण 36 व्या वर्षी त्याहून जास्त नको. त्या काळात थायरॉईड आणि एचबीए1सी (रक्तातली सरासरी साखर) तपासून घ्या, फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवा. आणि पुढच्या सायकलला डॉक्टरांनी तोच प्रोटोकॉल, तोच ट्रिगर, फक्त जास्त डोस असं लिहिलं, तर ट्रिगरच्या दिवसाचा तो सोनोग्राफी रिपोर्ट टेबलावर ठेवा आणि विचारा, "या पाच कच्च्या अंड्यांसाठी या वेळी आपण काय वेगळं करतोय?"