'आर्बिट्राज'ला 'बिनजोखीम नफा' म्हणावं का?

आर्बिट्राज म्हणजे एकच गोष्ट स्वस्त तिथे घ्यायची आणि त्याच वेळी महाग तिथे विकायची. प्रश्न असा होता की 'लिमिट्स टू आर्बिट्राज' या शीर्षकाचं एका अनुवादात 'लवादाच्या मर्यादा' केलंय, ते चूक वाटतं, तर त्याऐवजी 'बिनजोखीम नफ्याच्या मर्यादा' चालेल का?

लवाद तर नकोच, तो आर्बिट्रेशनचा. पण घोळ कुठे झाला ते कळतं, दोन्ही शब्द लॅटिनमधल्या 'आर्बिटर'वरून आलेत, म्हणजे पंच. १८व्या शतकात फ्रेंच व्यापारी कुठल्या शहरावरची हुंडी घेतली तर जास्त फायदा हे ठरवायचे, त्या निवाड्याला आर्बिट्राज म्हणू लागले. असल्या हिशोबाला आपल्या बाजारात एक झकास शब्द आहे, पडतळ. लासलगावचा कांदा वाशीला नेला तर भाडं, हमाली, घट वजा जाता काही उरतं का? उरलं तर पडतळ बसते. मला हा शब्द फार आवडतो, पण तो हिशोबाचा आहे, सौद्याचा नाही. शिवाय ट्रक कसारा घाटात असताना वाशीचा भाव पडू शकतो, आर्बिट्राजमध्ये खरेदी-विक्री एकाच वेळी करून टाकतात.

म्हणून लोक 'बिनजोखीम' म्हणतात, आणि तिथेच माझा आक्षेप आहे. समजा शेअर १,००० ला आहे आणि त्याचंच फ्युचर (पुढच्या ठरलेल्या तारखेला आज ठरलेल्या भावाने घेण्या-देण्याचा करार) १,०१२ ला. शेअर घेतला, फ्युचर विकलं, एक्स्पायरीला, म्हणजे त्या तारखेला, दोन्ही भाव एक होणार, १२ रुपये आपले. पण मधेच शेअर १,१०० आणि फ्युचर १,१२५ झालं तर? फ्युचरवरचा ११३ चा तोटा रोजच्या रोज रोख भरावा लागतो आणि शेअरवरचे १०० नुसते डिमॅटमध्ये दिसतात. रोख संपली की ब्रोकर सौदा कापतो, मग हिशोब बरोबर असूनही १३ रुपये खिशातून गेले, आणि गंमत म्हणजे फरक १२ चा २५ झालाय म्हणजे सौदा आता आधीपेक्षा जास्त फायद्याचा आहे, पण घ्यायला पैसे कुठायत.

मोठ्यांचंही हेच होतं. रॉयल डच आणि शेल या तेल कंपन्यांत नफ्याची ६०:४० अशी वाटणी ठरलेली, तरी दोन्ही शेअर त्या प्रमाणात चालत नव्हते. एलटीसीएम या अमेरिकन फंडाने तो फरक मिटेल म्हणून पैसा लावला होता, असे बाकीही कितीतरी सौदे, बरेचसे उधारीवर. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्ज बुडवलं, सगळीकडेच फरक मिटायचे सोडून रुंदावले, आणि सप्टेंबरात १४ बँका-ब्रोकरांना सुमारे ३६० कोटी डॉलर घालून फंड सावरावा लागला. याच्या वर्षभर आधी, १९९७ मध्ये, श्लायफर आणि विश्नी या अर्थतज्ज्ञांनी नेमकं हेच मांडलं होतं, की चुकीचे भाव दुरुस्त करणारे लोक दुसऱ्यांच्या पैशावर खेळतात आणि भाव सर्वात जास्त चुकलेले असतात तेव्हाच तो पैसा काढून घेतला जातो.

तेव्हा सौद्याला 'भावफरकाचा सौदा' म्हणा, किंवा सरळ आर्बिट्राजच ठेवा, बाजारात सगळे तेच म्हणतात. तुमच्या शीर्षकाला मी 'भावफरक का मिटत नाही' असं केलं असतं.