‘यांच्या माघारी मला काय मिळणार?’

नवरा हयात असताना हा प्रश्न विचारायला बायका फार कचरतात. “अभद्र बोलते म्हणाल,” असं आधी म्हणून घेतात, दाराकडे एकदा बघतात आणि मग विचारतात. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत मी आठवड्यातून एकदा समुपदेशनाला बसते. तिथे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. त्यातल्याच एका जोडप्याची हकीकत ओळख पटणार नाही इतपत बदलून सांगते.

काकू सहासष्ट वर्षांच्या, अण्णा एकाहत्तरचे. अण्णा सहकारी साखर कारखान्यात फिटर होते, २०१२ साली रिटायर झाले. काकू आल्या त्या पेन्शनसाठी नाहीच. “चार महिने झाले, घरात नुसती आदळआपट चाललीय. चहात साखर का कमी, पंखा कुणी चालू ठेवला. पोराशी बोलणं बंद. कट्ट्यावर जाणंसुद्धा सोडलंय.” चार महिन्यांपूर्वी काय झालं, हे खोदून विचारल्यावर उलगडा झाला. अण्णांची पेन्शन जमा व्हायची थांबली होती.

हयातीचा दाखला द्यायला अण्णा गेले होते. मशीनवर अंगठा काही लागेना. आयुष्यभर पाने-हातोड्या धरलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात नवल काही नाही. पण रांगेतला कोणीतरी म्हणाला, “आजोबा, जित्ते हाय ते आधी पटवून द्या मशिनीला.” लोक हसले. अण्णा घरी आले ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. दाखल्याची मुदत संपली, पेन्शन अडकली. घरी मात्र यातलं अवाक्षर नाही. काकूंना हे शेजाऱ्याकडून कळलं होतं.

पेन्शन किती, असं विचारलं तर काकूंना माहीत नव्हतं. “बाजाराला देतात तेवढं ठाऊक.”

अण्णांना आणणं सोपं नव्हतं. आले तेही बायकोला सोडायला आल्यासारखे, खुर्चीच्या कडेवर टेकून. मी पेन्शनचं नाव काढलं नाही, एसटीनं आलात का एवढंच विचारलं. त्यावर काकूच बोलल्या, “माझं अर्धं तिकीट, यांचं फुल!” राज्यातल्या एसटीत २०२३ च्या मार्चपासून सगळ्या बायकांना निम्मं भाडं आहे. ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनाही निम्मंच आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडली की २०२२ च्या ऑगस्टपासून प्रवास फुकट. कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं की काम होतं. अण्णांच्या खिशात कार्ड असतं, पण ते काढत नाहीत.

“मॅडम, मी कुणापुढं हात पसरला न्हाई कधी,” अण्णा म्हणाले.

असं म्हणणारे पुरुष मला खूप भेटतात. त्यांना अभिमान सोडा म्हणून काही होत नाही. उलट ते आणखी ताठ होतात. मी अण्णांना कारखान्याचं विचारलं. दिवाळीला सवलतीची साखर मिळायची का? मिळायची की! घरी कोण आणायचं? “मीच. सायकलला पोतं बांधून.” लाज वाटायची?

“लाज कसली? राबत हुतो आमी तिथं.”

मग मी कागद पुढे ओढला. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. मालक तुमच्या पीएफमध्ये जी भर घालायचा, तिच्यातले पगाराच्या ८.३३ टक्के या पेन्शनकडे वळायचे. अण्णा निवृत्त झाले तेव्हा हिशोबाला धरायच्या पगाराची कमाल मर्यादा ६,५०० रुपये होती. त्या पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं, ७० नं भागायचं. १९९५ नंतरच्या सतरा वर्षांचे साधारण १,५७८ होतात, वर आधीच्या नोकरीचं थोडं. अण्णांच्या पासबुकात २,१०० च्या आसपास यायचे ते असे. अण्णांनी गुणाकार स्वतः करून पाहिला. “म्हंजे हे माझंच हाय,” म्हणाले. रक्कम तुटपुंजीच आहे, त्यावर त्यांचं नि माझं एकमत झालं. किमान पेन्शन २०१४ पासून हजारावरच अडून आहे, यावर तर ते बराच वेळ बोलले, आणि मी बोलू दिलं. चार महिन्यांत माणूस पहिल्यांदा मोकळा होत होता.

दाखल्याचं काम तिथल्या तिथेच झालं. अंगठा लागत नसेल तर चेहऱ्यावरून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, काढता येतं, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. संघातल्या एका सभासदाच्या अँड्रॉइड मोबाईलवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप घेतली. आधार क्रमांक, पेन्शनच्या आदेशावरचा पीपीओ नंबर, बँक खातं, मोबाईल नंबर भरला. अण्णांना खिडकीकडे तोंड करून बसवलं, टोपी काढायला लावली. पडद्यावरच्या गोलात चेहरा आला, डोळ्यांची उघडझाप करा अशी सूचना आली. अण्णा एकटक बघत राहिले. “पापणी हलवा की वो!” काकू ओरडल्या, अण्णांना हसू फुटलं, डोळे मिटले-उघडले आणि गोल हिरवा झाला. पीएफच्या पेन्शनरांना हा दाखला वर्षात कधीही देता येतो, तिथून वर्षभर चालतो. नोव्हेंबरचा नियम सरकारी पेन्शनरांचा. ज्यांना हेही जमत नाही त्यांच्या घरी पोस्टमन येऊन दाखला काढून देतो. थकलेले महिने बुडत नाहीत, दाखला पोचला की मागची बाकी जमा होते. अण्णांचीही पुढच्या महिन्यात झाली.

आता काकूंचा प्रश्न. तो मी मुद्दाम अण्णांच्या देखत घेतला आणि विचारलाही मीच, म्हणजे काकूंवर अभद्राचा ठपका नको. अण्णांनी क्षणभर बायकोकडे पाहिलं. “मलाबी तेच वाटतंय रात्री,” इतकंच म्हणाले. दोघंही एकच गोष्ट मनात धरून एकाच खोलीत जागी असायची!

पतीच्या माघारी पत्नीला या योजनेत निम्मी पेन्शन मिळते, पण हजाराच्या खाली नाही. म्हणजे काकूंना साधारण १,०५०. पण ती मिळायला नाव जुळावं लागतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं. पीपीओवर काकूंचं लग्नात ठेवलेलं नाव होतं, आधारवर माहेरचं. आपल्याकडे त्या पिढीत हे घरोघरी. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ही दुरुस्ती करायला गेलेल्या बाईला किती खेटे घालावे लागतात ते मी पाहिलंय. अण्णा आहेत तोवर त्यांच्याच सहीनं पीएफ ऑफिसला अर्ज करायचा, असं ठरलं. पीपीओची एक प्रत काकूंच्या ट्रंकेत गेली.

“आणि ते श्रावणबाळचं?” काकूंनी विचारलं. शेजारणीला ६५ पूर्ण झाल्यावर श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० सुरू झाले होते. इथे जरा कडू बोलावं लागलं. त्याला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. अण्णांच्या पेन्शनचेच वर्षाला २५,२०० होतात. सतरा वर्षं पेन्शनमध्ये पैसे गेले म्हणून माणूस या योजनेतून बाद! ही मर्यादा आजच्या महागाईला धरून नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे काकू एकट्या उरल्या तर त्यांच्या पेन्शनचे वर्षाला १२,६०० होतील, पण मुलाच्या रेशनकार्डावर असतील तर त्याची कमाईही धरली जाईल. खोट्या दाखल्याचा मार्ग सुचवणारे एजंट तहसीलच्या बाहेर उभेच असतात. मी दोघांना त्यापासून लांब राहा म्हटलं. नंतर वसुली निघते.

आजारपणाची बाजू मात्र बरी निघाली. सत्तरी पार केलेल्या कोणालाही उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. योजनेतल्या रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. रोजच्या बीपीच्या गोळ्या बसत नाहीत, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे भांडण माझ्याशी होतं. काकूंना सत्तरी गाठायला अजून चार वर्षं आहेत, तोवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेल्वेच्या सवलतीचं अण्णांनी विचारलं. ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. खालचा बर्थ मिळण्याची सोय तेवढी आहे.

मुलाला बोलावून घेतलं तेव्हा तो म्हणाला, “मला वाटलं शेताच्या वाटणीवरनं राग आहे.” पेन्शन थांबल्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बापानं पोराकडे पैसे मागायचे नाहीत आणि पोरानं बापाला विचारायचं नाही, अशा घरात अबोला आपोआप वाढतो. ठरलं ते एवढंच: महिन्याच्या पाच तारखेला तिघांनी बसून पासबुक बघायचं.

शेवटचा विषय ठेवीचा. ग्रॅच्युइटीतले उरलेले चार लाख अण्णांनी एका पतसंस्थेत ठेवलेत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के व्याज आहे, म्हणजे चार लाखांवर दर तिमाहीला ८,२००. खातं नवरा-बायकोच्या नावानं एकत्र काढता येतं आणि एकाच्या माघारी दुसऱ्याला ते पुढे चालवता येतं. काकूंच्या मूळ प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर खरं तर इथेच आहे. पण संस्थेचा चेअरमन अण्णांचा शाळासोबती. मुदत मार्चमध्ये संपते, त्याआधी पावती मोडली तर त्याला काय वाटेल, असं अण्णांचं म्हणणं. मी ताणलं नाही. काकूंनी पोस्टातून फॉर्म आणून ठेवलाय, स्वतःचा रकाना भरूनसुद्धा झालाय.