कॅमेरा बिघडला, वॉरंटी नाकारली: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी पुण्यातल्या दुकानातून कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा घेतला. सुरू केला की लेन्स अर्धीच बाहेर येते, करकर वाजते आणि पडद्यावर ‘लेन्स एरर’ येतो. सर्व्हिस सेंटरने दोनदा दुरुस्त करून दिला. काही दिवसांत पुन्हा तेच. आता म्हणतात, कॅमेरा पडलेला आहे, वॉरंटीत बसत नाही, ६,८०० रुपये भरा. तो एकदाही पडलेला नाही. दुकानदार म्हणतो, कंपनीशी बोला.

उत्तर : पैसे भरू नका. ‘पडलेला आहे’ हे आधी लेखी मागा आणि नेमका कोणता भाग मोडला, त्याचे फोटो मागा.

या कॅमेऱ्यांत छोटी मोटर प्लास्टिकच्या दातेरी चाकांमधून लेन्सच्या एकात एक बसणाऱ्या नळ्या पुढे ढकलते. ठरल्या वेळेत नळी जागेवर पोचल्याचा संकेत मिळाला नाही, की कॅमेरा एरर दाखवून थांबतो. वाळूचा कण अडकला, चाकाचा दात झिजला, आतली पातळ पट्टीसारखी केबल तुटली किंवा खरोखर मार बसला, तरी पडद्यावर संदेश तोच. म्हणजे नुसत्या ‘लेन्स एरर’वरून दोष तुमचा ठरत नाही. कॅमेरा जोरात आपटला असेल तर बहुधा लेन्सच्या कडेला पोचा येतो, नळी तिरकी होते, कोपऱ्यावर ओरखडा राहतो.

तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे पहिल्या दोन जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीला देताना मिळालेल्या नोंदीच्या पावत्या. कॅमेरा ताब्यात घेताना त्याची बाहेरची अवस्था त्यांत लिहितात. दोन्ही वेळा त्यांनीच कॅमेरा उघडला, वॉरंटीत दुरुस्त केला आणि पडल्याची खूण नोंदवली नाही. मग तिसऱ्या खेपेला ती आली कुठून, याचे उत्तर त्यांनी द्यायचे आहे. जॉबशीट हरवल्या असतील तर आजच ईमेलने प्रती मागा. यापुढे कुठलीही वस्तू काउंटरवर देताना ‘चेक करणे’ एवढेच लिहू देऊ नका. ‘लेन्स अर्धी उघडते, एरर येतो, बाहेरून पोचा नाही’ असे लिहून घ्या, बिघाडाचा व्हिडिओ काढा आणि मेमरी कार्ड काढून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी याच एका कागदावर अडतात. माणूस खरे बोलत असतो, पण हातात लेखी काही नसते.

आता पुढचे. कंपनीच्या मुख्य कार्यालयाला तारीखवार ईमेल करा, पंधरा दिवसांची मुदत द्या, दुकानदारालाही प्रत पाठवा. समांतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती कंपनीला आदेश देऊ शकत नाही, पण तिथून विचारणा झाली की अडलेली प्रकरणे अनेकदा हलतात. तरीही नाही झाले, तर जिल्हा ग्राहक आयोग. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल होते. उत्पादक किंवा आयातदार, विक्रेता आणि सर्व्हिस सेंटर या तिघांनाही पक्षकार करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा राहत नाही. दोष तपासायला आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. दुरुस्ती, बदली, किंमत परत आणि भरपाई असे आदेश देऊ शकतो.

प्रश्न : चिपळूणला राहतो. पावसाळ्यानंतर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसते. वॉरंटी चालू आहे, तरी कंपनी नाही म्हणते.

उत्तर : ही बुरशी आहे, आणि इथे कंपनीचे म्हणणे सहसा टिकते. बुरशी, वाळू, पाणी या गोष्टी बहुतेक वॉरंटींच्या अटींतून वगळलेल्या असतात. नवा कॅमेरा खोक्यातून काढतानाच ती दिसली असती तर गोष्ट वेगळी; मग त्याच दिवशी फोटोसह कळवायला हवे. कॉम्पॅक्टची लेन्स बाहेरून साफ होत नाही, पूर्ण उघडावी लागते. खर्च विचारून घ्या, पण वेळ घालवू नका. बुरशीचा स्राव काचेवरचा लेप खातो, आणि तो डाग नंतर निघत नाही. कोकणात कॅमेरा चामडी पाऊचमध्ये, कपाटात ठेवूच नये. हवाबंद डबा आणि सिलिका जेल घ्या, रंग बदलला की जेल बदला. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली तर उत्तम. अधूनमधून कॅमेरा बाहेर काढून वापरा.

प्रश्न : भाच्याने दुबईहून कॅमेरा आणला. बिघडला, तर इथे वॉरंटी मिळत नाही म्हणतात.

उत्तर : कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांची वॉरंटी बहुधा विकलेल्या देशापुरती असते. कार्डावर देशांची यादी बघा. भारत नसेल तर भाच्यामार्फत तिथेच द्यावा लागेल. इथल्या बाजारातही बिलाशिवाय स्वस्तात मिळणारे असे कॅमेरे असतात. खोक्यावर भारतातल्या आयातदाराचे नाव-पत्ता आणि छापील किंमत नसेल तर घेऊ नका.

प्रश्न : यूट्यूबवर पाहून घरीच उघडू का?

उत्तर : नको. वॉरंटी जाते हे एक कारण. त्याहून मोठे म्हणजे फ्लॅशचा कपॅसिटर, म्हणजे फ्लॅशसाठी वीज साठवणारा भाग. तो सुमारे ३०० व्होल्टपर्यंत चार्ज होतो आणि बॅटरी काढल्यावरही चार्ज राहू शकतो.

प्रश्न : कॉलेजात आहे. वडिलांचा २००४ सालचा कॅमेरा सापडला. फोटो जांभळे, रेघांचे येतात. पडदा बदलून घेऊ?

उत्तर : आधी कार्डावरचे जुने फोटो त्याच पडद्यावर बघ. ते नीट दिसले तर पडदा ठीक आहे, सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी आतली चिप, गेला आहे. त्या काळच्या काही सोनी सीसीडी (या सेन्सरचाच एक प्रकार) सेन्सरमध्ये आतल्या तारांची जोडणी उष्ण, दमट हवेत सुटायची. २००५ मध्ये कॅनन, निकॉन, फुजीफिल्म अशा अनेक कंपन्यांनी हा दोष मान्य करून वॉरंटी संपलेल्या ठराविक मॉडेलांचेही सेन्सर फुकट बदलून दिले. ग्राहकाला वाऱ्यावर न सोडता वागता येते, हे तेव्हा दिसले. ती सोय आता संपली आहे आणि सुटे भाग जुन्या कॅमेऱ्यांतूनच मिळतात. दुसरा जुना घेणार असशील तर आपले कार्ड घेऊन जा, घरात आणि उन्हात फोटो काढ, झूम पूर्ण आत-बाहेर करून बघ, बॅटरी फुगली नाही ना ते तपास, आणि मगच पैसे दे.