खांबाला कार्बनचं कापड गुंडाळण्याआधी

अरे, खांब मजबूत करायला गुंडाळतात ते कार्बन फायबरचं कापड म्हणजे बँडेज नव्हे. खाडीपुलाच्या खांबाला भेग दिसली की आधी हातोडीने ठोकून बघ. बद्द आवाज आला तर आत सळई गंजून फुगली असण्याचीच शक्यता जास्त. सुटलेलं काँक्रीट काढ, सळई घास, मॉर्टर भर, भेगांत इपॉक्सी (घट्ट चिकटणारं रेझिन) इंजेक्ट कर. गंज तसाच ठेवून गुंडाळलंस तर रोग फक्त झाकला जातो.

चौकोनी खांबाचे कोपरे २० मिमी त्रिज्येपर्यंत गोल कर, नाहीतर कापडाचे धागे तिथेच तुटतात. धागे आडवे, खांबाभोवती. ओल्या पृष्ठभागावर नेहमीचं इपॉक्सी नीट धरत नाही. ठेकेदार "सुकलंय साहेब" म्हणाला तरी ओलावा मीटरने मोज. शेवटी पुल-ऑफ चाचणी, म्हणजे चिकटवलेलं कापड ओढून बघणं: १.४ मेगापास्कलपेक्षा कमी ताणाला सुटलं तर काम पुन्हा.