माझ्या प्रवासाच्या टिपणांना मी ‘रांजण’ हे नाव का दिलं?

हा रांजण पाण्याचा नाही, नाणेघाटातला आहे. पुण्याहून जुन्नर, घाटघर करत गेलं की घाटमाथ्यावर तो भला मोठा दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरचा माल याच वाटेने जुन्नरला चढायचा, आणि जकातीची नाणी या रांजणात टाकत, असं परंपरेने सांगतात. मला ही कल्पना फार भावली. वाट वापरली की तिचं देणं द्यायचं! म्हणून प्रत्येक प्रवासानंतर मी एक टिपण लिहितोच. त्यात मागून येणाऱ्याला उपयोगी पडेल असंच काहीतरी हवं: पाणी कुठे मिळतं, शेवटची एसटी किती वाजता, कातळातल्या पायऱ्या कुठे निसरड्या. नुसते फोटो मी जकातीत धरत नाही.

तुम्ही तिथे गेलात तर रांजण पाहून मागे फिरू नका. नळीतून, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद वाटेने, थोडं खाली उतरलं की लेणं लागतं. आतल्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरलेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांमध्ये ते मोजले जातात.